कडूबाची साखर

आमच्या ह्यायचं नाव कडूबा. सासूची पयली तीन लेकरं पाळन्यातच गेली, म्हनून चवथ्याचं नाव तिनं कडूबा ठेवलं. मरन आलंच तं चाखून पाहीन अन् थू करून सोडून देईन, असा तिचा हिशोब. नावानं काम केलं बरं का, पोरगं वाचलं. पन गंमत पाहा, नाव कडू अन् लघवीत साखर! दवाखान्यात नाव लिहून घेताना सिंधूताई नर्स हसू दाबून दाबून लाल झाली होती. मी म्हनलं, "हसून घ्या बाई, मीबी दोन दिवसांपासून हसूनच राह्यली." खोटं बोलली मी. दोन दिवस रडत होती.

महाराष्ट्र होऊन तवा चार-पाच वर्सं झाली असतीन. आमचं गाव चिखलीपासून तीन कोस. हे पोस्टमन. सातवी पास, आमच्या बौद्धवाड्यातले पयले सरकारी नोकरीवाले. खांद्याले पिशवी लावून पाच गावं पायी फिरायची. एका उन्हाळ्यात ह्यायची तहान काही केल्या मिटंना, अंग वाळत चाललं, अन् मोरीच्या दगडावर मुंग्यायची रांग लागली. चिखलीले एका डॉक्टरसाहेबांचा दहा खाटांचा दवाखाना होता, तिथं नेलं. साहेब म्हनले, साखरेचा आजार हाये, जन्मभर सुई घ्या लागन.

सुई द्यायले मले सिंधूताईनं शिकवलं. ती पुन्याकडची, बोलनं एकदम पुस्तकातलं. आधी संत्र्याले टोचू टोचू पाह्यलं, मंग ह्यायच्या मांडीले. संत्रं वरडत नाही, हे वरडत. इन्सुलिनची बाटली मी ओल्या रेतीच्या मडक्यात ठेवायची. अन् रोज सकाळी नळी. काचेच्या नळीत निळं पानी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, अन् स्पिरीटच्या दिव्यावर उकळी येऊ द्यायची. निळंच राह्यलं तं साखर नाही. हिरवं झालं तं थोडी, पिवळं तं जास्त, नारिंगी तं लयच. अन् विटेसारखं लाल झालं तं बोंबला. मी साळंत गेली नाही, पन रंग पाह्याले साळा कशाले लागते?

सिंधूताईनं एक गोष्ट तीन तीन वेळा घोकून घेतली होती. "पंचफुलाबाई, जेवल्याशिवाय सुई द्यायची नाही. घाम सुटून माणूस बेशुद्ध पडेल." ते मी गाठीले बांधलं. आधी भाकर, मंग सुई. माह्यासाठी ते दगडावरची रेघ झालं.

सकाळी नळी निळी निघाली की हे दोन्ही हात वर करून म्हनत, "जय भीम!" निळा रंग तं आमचाच. घरात झेंडा फडकल्यासारखं वाटे. दोन वर्सं अशीच गेली, चांगली गेली.

मंग ते बूट आले घरात.

त्या वर्सी दिवाळीच्या आधी ह्यायनं चिखलीच्या बाजारातून बूट आनले. काळे, बंदाचे, चामड्याचे. जोडा एक नंबर लहान होता. पन दुसरा जोडा येईपर्यंत थांबायची ह्यायची तयारी नव्हती. त्याले कारन होतं. आमचे सासरे पाटलाच्या गल्लीतून जाताना वाहना काढून हातात धरत. तिथून वाहना घालून जायची आमच्या लोकायची टाप नव्हती. हे लहान असताना बापाच्या मागं अनवानी चालत, अन् बापाच्या हातातल्या वाहना पाहात. आता त्याच गल्लीतून त्याच्याच पोराच्या बुटायची करकर. हे मुद्दाम हळू चालत तिथून!

मी म्हनलं, "अवो, लहान हायेत. चावत असतीन."

"चावू दे," म्हने. "चावला तं माहाच बूट हाये."

तसं ह्यायच्या तळपायाले वर्सभरापासून बधिरपन होतं. पायाखाली दगड आला का रुई, समजत नाही म्हनत. मी मनावर घेतलं नाही. चालून चालून कोनाचेबी पाय निबर होतात, असं माह्यं म्हननं.

आता दिवाळीचं सांगते. पोस्टमन म्हनजे चांगली खबर. पोराले नोकरी लागली, घ्या पेढा. लेक बाळंत झाली, घ्या गूळ. अन् दिवाळीत तं घरोघरी करंज्या, अनारसे. आमचा मानूस असा की गोडासाठी जीव टाकन. एका लग्नात मी त्यायच्या कोटाच्या खिशातून जिलेबी काढली होती, पाक गळत होता खाली. तवापासून कायदा केला. कोनी काही दिलं तं नाही म्हनू नोका, लोकायले वाईट वाटते. पन रुमालात बांधायचं अन् घरी आनायचं. ते मी वाड्यात वाटून टाकायची.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले अन् नळी हिरवी निघाली. मी नळी धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पिवळी. तिसऱ्या दिवशी नारिंगी! मंग माह्यं डोकं सटकलं.

"काय खाल्लं?"

"तू दिली ते भाकर अन् अंबाडीची भाजी."

"मंग ही नळी काय लाजून लाल झाली?"

"पंचफुला, माह्या बापाची आन. गोडाचा कन नाही गेला तोंडात."

"आन घेनाऱ्याचीच जीभ गोड असते."

"पिशवीतला रुमाल सोडून पाह्य. यंदा तू वाटायले काढलंच नाही, जे मिळालं ते सगळं त्यात हाये."

"रुमालातलं दिसते. पोटातलं कुठून दिसन?"

ह्यायनं पिशवी जवळ ओढली. मंग हळूच म्हनले, "गावोगावची बंद पाकिटं माह्या हातून जातात. आजपर्यंत एक उघडून पाह्यलं नाही. अन् तू मले चोर म्हनते."

"मी नाही म्हनत. नळी म्हनते. नळी काय खोटं बोलते का?"

माह्यं तोंड असं हाये, एकदा सुटलं की बैलावानी दाव्यानं ओढलं तरी थांबत नाही. ह्यायनं पुढ्यातलं ताट सरकवलं. "ठीक हाये. नळी निळी होईपर्यंत माह्या तोंडात अन्न जानार नाही. उपाशी मानसाच्या लघवीत साखर कुठून येईन? मंग तं पटन तुले?"

अन् मी मेली काय म्हनलं? म्हनलं, "पाहू."

जेवन नाही म्हनून सुई नाही. उकळून ठेवलेली सुई मी परत डबीत घातली. जेवल्याबिगर द्यायची नाही, असं सांगितलं होतं ना! मी नियम पाळून राह्यली, असंच मले वाटत होतं.

त्या दिवशी हे उपाशीपोटी पाच गावं फिरून आले. दुसऱ्या दिवशीबी गेले. संध्याकाळी आल्या आल्या घोंगडी घेऊन पडले. बूट दारात काढले, पन मोजे काढले नाहीत. म्हने, थंडी वाजते. तांब्यावर तांब्ये पानी पेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी केली. उकळी आली अन् रंग उतरला, पक्क्या भाजलेल्या विटेचा. असा रंग मी दोन वर्सांत कधी पाह्यला नव्हता. हे तं अंथरुनातून उठंनात. दोनदा ओकारी झाली, नुसतं पानीच पडलं. कपाळाले हात लावला तं तापलेला तवा. मले काळजी वाटायले पाह्यजे होती. पन राग इतका होता की काळजीले जागाच नव्हती. उपास म्हनतात अन् नळी विटकरी! म्हनजे बाहीर खाऊन राह्यले, दुसरं काय? खा खा खाल्लं म्हनूनच ओकले, असं मी ठरवून टाकलं.

"आज मी पंचनामाच करते," म्हनलं, अन् पदर खोचून निंघाली. सीधी गेली जानराव पाटलाच्या घरी. ज्याच्या दारापुढून सासरे वाहना हातात घेऊन जात, त्या म्हाताऱ्या पाटलाचा हा पोरगा. जानरावचा लेक फौजेत होता, म्हनून सगळ्यात जास्त टपाल याच घरी. ह्यायले ओट्यावर बसवून च्या द्यायची पद्धत जानरावनंच सुरू केली होती.

जानरावची बायको विमलबाई तांदूळ निवडत होती. मी आडपडदा ठेवलाच नाही. "बाई, खरं सांगा. आमच्या ह्यायनं तुमच्या घरी गोड खाल्लं का?"

विमलबाई माह्याकडे पाहातच राह्यली. "कडूबाभाऊनं? अवो, दिवाळीच्या दिवशी मी ताट पुढं केलं. दोन करंज्या उचलल्या अन् रुमालात बांधल्या. मी म्हनलं, एक तं खा, घरची कोन पाहाले येते? तं म्हनले, 'नाही वैनी, पंचफुलेले शब्द देला हाये.' काल-परवा तं बिनसाखरेचा च्याबी घेतला नाही. नुसतं पानी मागितलं, चार तांब्ये पेले."

मी खोचलेला पदर सोडला.

"पन काय व पंचफुला," विमलबाई म्हनली, "त्यायच्या पायाले काय झालं? उजवा पाय ओढत चालतात. इथं ओट्यावर बूट थोडा सैल केला, तं असा वास आला की मले आत जा लागलं. मेलेल्या उंदरासारखा. मी बोलली नाही, मानसाले वाईट वाटते."

बाप्पा रे! चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यली होती मी. नळी खोटं बोलत नव्हती अन् मानूसबी खोटं बोलत नव्हता. मंग खोटं कोन? माह्यं डोकं.

घरापर्यंत मी कशी पळाली ते मले आठवत नाही. घोंगडी फेकली. हे लांब लांब श्वास घेऊन राह्यले होते, पळून आल्यासारखे, अन् तोंडाले नासक्या फळासारखा वास. उजव्या पायाचा मोजा ओढला तं निंघंना. चिकटून बसला होता. कोमट पानी टाकून टाकून सोडवला. करंगळी काळीनिळी झालेली, बाजूले फोड फुटून खड्डा पडलेला, अन् आतून पू. पाऊल सुजून दुप्पट. मी बोट लावलं तं मीच किंचाळली. ह्यायले काहीच लागलं नाही!

"अवो, हे कधीचं हाये?"

"बुटाचा फोड हाये," हे डोळे न उघडता बोलले. "आठ-धा दिवस झाले. दुखत नाही."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू बूट काढायले लावले असते."

मी त्यायच्या पायावर डोकं टेकून रडली. रडून काय होते? पन रडली.

मागून विमलबाई आली होती, तिनं पाह्यलं अन् तशीच घरी फिरली. थोड्या वेळानं दारात बैलाची दमनी उभी. मी मागितली नव्हती. जानराव सोता आला, गड्याले हाकाले बसवलं, अन् ह्यायले उचलून आत ठेवलं. रस्ता कसा तं गोट्यायचा, पायाले हिसके बसू नये म्हनून जानरावनं तो पू गळनारा पाय आपल्या मांडीवर घेतला. चिखलीपर्यंत तसाच धरून बसला. नंतर लोकं त्याच्यावर लय बोलले, अमक्याचा पाय तमक्याच्या मांडीवर! मले तवा त्याचं काही वाटलं नाही. मले फक्त बैल हळू वाटत होते.

डॉक्टरसाहेबांनी पाय पाह्यला, नळी पाह्यली, तोंडाचा वास घेतला अन् पळापळ सुरू झाली. हाताले सलाईन लावलं, इन्सुलिन देलं, पेनिसिलीन टोचलं, फोड चिरून वाटीभर पू काढला. मंग मले बाजूले घेऊन म्हनले, "बाई, जीव वाचवायचा प्रयत्न करतो. करंगळी जाणार. पण लाली घोट्याच्या वर चढली तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. दोन दिवस कळणार नाही."

पाय! पोस्टमनचा पाय! बापानं अनवानी चालवला अन् पोरानं बुटात घातला, तो पाय. मी भिंतीले धरून खाली बसली.

सिंधूताई पानी घेऊन आली. मी पानी घेतलंच नाही. म्हनलं, "बाई, आधी मले सांगा. हा मानूस तीन दिवस उपाशी हाये. मंग साखर आली कुठून?"

ती माह्या शेजारी फरशीवर बसली. "पंचफुलाबाई, अंगात पू झाला, ताप आला, की शरीर त्या रोगाशी भांडतं. भांडायला बळ पाहिजे म्हणून ते स्वतःच्या कोठारातली साखर बाहेर काढतं. आणि रोजचं इन्सुलिन त्या वेळी पुरत नाही. म्हणून पोटात अन्नाचा कण नसला तरी साखर चढते. साखर चढली की जखम आणखी चिघळते. जखम चिघळली की साखर आणखी चढते."

"म्हनजे तवा सुई जास्त लागत होती?"

"हो."

"अन् मी बंद केली."

तिनं मान हलवली. माह्या अंगात असा भडका उठला! "तुम्हीच घोकून घेतलं ना बाई! जेवल्याबिगर सुई नाही! तीन तीन वेळा! ताप आला तं काय करायचं हे एकदा तरी सांगितलं का? आम्ही अडानी लोकं, तुम्ही आखली ते रेघ आम्ही ओलांडत नाही!"

सगळा दवाखाना पाहू लागला. मले वाटलं, ही आता मले हाकलन. पन सिंधूताईचे डोळे भरले. "नाही सांगितलं," ती म्हनली. "निरोगी दिवसाचा नियम सांगितला, आजाराच्या दिवसाचा राहून गेला. माझं चुकलं." अन् मंग भरलेला तांब्या बाजूले ठेवून तिनं मले नवा नियम सांगितला. आजारपनात सुई आपल्या मनानं थांबवायची नाही. दर चार तासाले नळी पाह्याची. भाकर जात नसन तं पेज द्यायची, पानी पाजायचं. अन् नळी नारिंगी झाली की भांडत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा, सुई किती द्यायची ते इथं विचारायचं. मी म्हनलं, "आता तुम्ही माह्याकडून घोकून घ्या." तिनं घेतलं. तीनदा नाही, दहादा.

नळी करायचं काम मी नर्सबाईले करू देलं नाही. दवाखान्यातली नळी, माहा हात. पयल्या दिवशी विटकरी, विटकरी, विटकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी करंगळी कापली. त्या दिवशी मी घोट्यावर शाईनं रेघ ओढून घेतली डॉक्टरसाहेबाकडून, लाली कुठवर हाये ते पाह्याले. दर घटकेले पाहात होती. संध्याकाळी लाली रेघेवर. रातभर रेघेवर. तिसऱ्या दिवशी रेघेच्या खाली दोन बोटं. डॉक्टरसाहेब म्हनले, "पाय राहतो बाई." मी त्यायच्या पायाच पडनार होती, त्यायनं पडू देलं नाही.

पू आटला, ताप उतरला, तशी नळीबी उतरली. नारिंगी झाली, पिवळी झाली. हे बसायले लागले, पेज पिऊ लागले, बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं पत्र वाचून देऊ लागले. सगळ्यायशी बोलत. माह्याशी फक्त हूं अन् हां. एक दिवस त्यायची पिशवी झटकली तं रुमाल निंघाला. गाठ सोडली. करंज्या, अनारसे, पेढे, दगडासारखे वाळलेले. एकालेबी दात लागलेला नव्हता. मी रुमाल पुन्हा बांधला अन् पिशवीत ठेवून देला. ह्यायनं पाह्यलं अन् कूस बदलली.

नवव्या दिवशी सकाळी मी दिव्यावर नळी धरली. उकळी आली. मी पाहात राह्यली, आता हिरवं होईन, आता होईन. नाहीच झालं. निळंच्या निळं! धावत खाटेपाशी गेली अन् नळी ह्यायच्या डोळ्यांपुढं धरली.

"पाहा!"

ह्यायनं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. पन हात काही वर गेले नाहीत.

"अवो, निळी हाये. म्हना ना."

"आधी तू म्हन," हे बोलले.

"काय म्हनू?"

"कडूबा चोर नाही."

मी इकडंतिकडं पाह्यलं. दहा खाटा, दहा घरची मानसं, झाडूवाली, दारात सिंधूताई. माह्या तोंडानं आजपर्यंत कोनाची माफी मागितली नव्हती, ना मायची ना सासूची. पन ज्या तोंडानं चोर म्हनलं तेच तोंड होतं हे. मी मोठ्यानं म्हनलं, "कडूबा चोर नाही! पंचफुलाच येडी हाये!"

सिंधूताई तोंडाले पदर लावून हसली. बाजूचा म्हातारा म्हने, "हे तं आम्हाले पयल्या दिवशीच समजलं होतं बाई."

तवा कुठं ह्यायनं सलाईनच्या सुयांनी काळेनिळे झालेले दोन्ही हात वर केले.

"जय भीम!" म्हनले.

"जय भीम," मी म्हनलं, अन् त्यायचा उजवा पाय मांडीवर घेऊन एक एक बोट पाहू लागली. चारच होती. रोज सकाळी तसाच पाहाते, नळीच्या आधी.